ॲक्सोलोटल रेस्क्यूकडे सोपवताना: टाकी सगळ्यात शेवटी मोडायची

अमेरिकेत उभयचर प्राण्यांच्या एका छोट्या रेस्क्यूत, म्हणजे लोकांना सांभाळणं न जमलेले प्राणी घेऊन त्यांना नवं घर शोधणाऱ्या संस्थेत, मी शनिवार-रविवार काम करते. तिथे आलेला ॲक्सोलोटल, म्हणजे सरड्यासारखा दिसणारा, पाण्यातच राहणारा सॅलॅमँडर जातीचा प्राणी, पाहिला की आदल्या दोन-तीन दिवसांत घरी काय झालं असेल, ते बहुतेक वेळा ओळखता येतं. टाकी घासून लख्ख केलेली असते. पाणी झाडून सगळं बदललेलं असतं. आता पुन्हा भेट नाही म्हणून सकाळी पोटभर गांडुळं भरवलेली असतात, आणि मग जाळीनं पकडून बादलीत घातलेलं असतं. यातली एकेक गोष्ट मायेपोटी केलेली असते आणि एकेका गोष्टीनं त्या जिवाला त्रास होतो. घरी धडधाकट असलेला प्राणी दोन तासांच्या प्रवासानंतर कल्ले पुढे वळवून तरंगत आमच्याकडे पोचतो.

मराठी घरांतूनही असे फोन येतात. माइनक्राफ्ट या खेळात २०२१ मध्ये ॲक्सोलोटल आला, मुलांनी हट्ट धरला, घरात टाकी आली. आता भारतात जायचं आहे, दुसऱ्या राज्यात नोकरी लागली आहे, किंवा उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणं जमत नाही. सोपवण्यात कमीपणा काही नाही. पण क्रम चुकला तर नुकसान प्राण्याचं होतं, म्हणून तो क्रम इथे सविस्तर देते आहे. टप्पे अमेरिकेतल्या घरांना धरून आहेत. ब्रिटन आणि भारतातला कायद्याचा फरक दुसऱ्या टप्प्यात आहे.

## टप्पा १: सोपवायचंच आहे का, हे एका बैठकीत ठरवा

ॲक्सोलोटल नीट सांभाळला तर दहा ते पंधरा वर्षं जगतो. तेवढी वर्षं जमणार नसेल तर आत्ताच सोपवणं बरं. पण काही अडचणींवर सोपवणं हा उपाय नसतो, एवढं आधी पाहून घ्या.

भारतात चार-पाच आठवडे जायचं आहे, एवढंच कारण असेल तर एखादी माहितगार व्यक्ती शोधा. मोठ्या ॲक्सोलोटलला दोन-तीन दिवसांतून एकदा खाणं पुरतं. दर आठवड्याला थोडं पाणी बदलणारं आणि रोज तापमान पाहणारं कोणी मिळालं, की काम होतं. उन्हाळा हे कारण असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर वारा जाईल असा छोटा पंखा लावून पाहा. त्यानं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. खोलीच तापत असेल तर मात्र चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतो आणि तो महाग असतो. तो परवडत नसेल तर सोपवण्याचा निर्णय योग्यच आहे.

निर्णय झाला की घरातल्या सगळ्यांना सांगा, मुलालाही. 'त्याला तळ्यात सोडलं' असं खोटं मुलाला सांगू नका. मुलं ते मित्रांना सांगतात, आणि एखादा मित्र पुढे खरोखर तळ्यात सोडतो.

इशारा: ॲक्सोलोटल ओढ्यात, तळ्यात किंवा सोसायटीच्या कारंज्यात सोडायचा नाही. तो बहुधा मरतो. जगलाच तर त्याच्या अंगावरचे रोग, विशेषतः कायट्रिड बुरशी आणि रानाव्हायरस, तिथल्या बेडकांना आणि सॅलॅमँडरांना लागू शकतात. पाळीव प्राणी असा सोडून देणं बहुतेक ठिकाणी गुन्हाही आहे.

## टप्पा २: फोन करण्याआधी कायदा पाहा

अमेरिकेत हा नियम राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात परवान्याशिवाय ॲक्सोलोटल पाळता येत नाही, कारण तिथला स्थानिक टायगर सॅलॅमँडर याच कुळातला आहे आणि दोघांचा संकर होण्याचा धोका असतो. बंदीच्या याद्यांत न्यू जर्सी आणि मेन यांचीही नावं येतात. म्हणून आपल्या राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ विभागाचं पान स्वतः उघडून पाहा. दुकानदाराच्या तोंडच्या शब्दावर विसंबू नका.

इथे आपल्या लोकांची एक चूक नेहमी होते. प्राणी पेनसिल्व्हेनियातल्या मावशीकडे असतो, मावशी घर बदलते आणि प्राणी न्यू जर्सीतल्या भाचीकडे येतो. घरातल्या घरात दिला, त्यात काय, असं वाटतं. पण राज्याच्या कायद्याविरुद्ध प्राणी राज्याची हद्द ओलांडून नेला तर लेसी ॲक्ट हा संघराज्याचा कायदा लागू होतो. रेस्क्यू शोधतानाही हेच ध्यानात ठेवा. जवळचं रेस्क्यू हद्दीपलीकडे असेल तर तिथे नेणं चालेल का, हे त्यांनाच आधी विचारा.

तुमच्या राज्यात बंदी असेल आणि प्राणी आधीच घरात असेल तर घाबरून त्याची विल्हेवाट लावू नका. फ्लोरिडात 'एक्झॉटिक पेट ॲम्नेस्टी' हा सरकारी कार्यक्रम आहे. त्यात परदेशी प्राणी विनाशुल्क आणि विनादंड सोपवता येतो, तो बेकायदा पाळलेला असला तरी. इतर राज्यांत विभागाला किंवा प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करून, आपलं नाव न सांगता, पद्धत विचारून घेता येते.

ब्रिटनमध्ये ॲक्सोलोटल पाळायला परवाना लागत नाही, पण इंग्लंड आणि वेल्समध्ये ॲनिमल वेल्फेअर ॲक्ट २००६ प्रमाणे त्याची काळजी ही तुमची कायदेशीर जबाबदारी असते.

भारतात गोष्ट वेगळी आहे. ॲक्सोलोटल साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये अशा प्रजाती आल्या, आणि जिवंत प्राणी बाळगणाऱ्यानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करणं बंधनकारक झालं. प्राणी दुसऱ्याला दिला तर तीही नोंद करावी लागते. म्हणून पुण्या-मुंबईत एखादा ॲक्सोलोटल समाजमाध्यमावर 'फुकट देणे आहे' म्हणून देऊन टाकू नका. नोंदणी झाली नसेल तर आधी वनविभागाच्या वन्यजीव कार्यालयात जाऊन विचारा.

## टप्पा ३: त्याच दिवसापासून पाणी सांभाळायला घ्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबते.

रेस्क्यूत जागा लगेच मिळत नाही. कित्येकदा काही आठवडे वाट पाहावी लागते. तेवढे दिवस तुमचं घर हेच त्याचं रेस्क्यू असतं. पण 'आता द्यायचाच आहे' असं ठरलं की घरातल्यांचं लक्ष उडतं. पाणी बदलणं मागे पडतं, एक दिवस वास येतो आणि मग एकदम सगळं धुऊन काढलं जातं.

टाकी धुणं घातक का? प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि टाकीच्या तळाशी वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट ॲक्सोलोटलच्या कातडीला आणि कल्ल्यांना भाजतात. नायट्रेट त्या मानानं सौम्य असतं. हे जिवाणू नव्यानं वाढायला चार ते आठ आठवडे लागतात. स्पंज नळाखाली धरून पिळला की नळातल्या क्लोरीननं ते मरतात आणि दोन-तीन दिवसांत अमोनिया चढू लागतो. बाहेरून टाकी काचेसारखी स्वच्छ दिसते, आत पाणी जाळत असतं.

तर आजच हे करा:

१. थेंबांचं टेस्ट किट आणा. कागदी पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट २० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत २० भाग) आसपास किंवा कमी हवं. पीएच ७.४ ते ७.६ उत्तम, पण थोडा इकडेतिकडे असला तरी औषध घालून तो बदलायला जाऊ नका. स्थिर पीएच हा अचानक बदललेल्या पीएचपेक्षा केव्हाही बरा.

२. तापमान मोजा. १६ ते १८ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण ६० ते ६४ अंश फॅरनहाइट, हे योग्य. २० च्या वर गेलं की ताण सुरू होतो आणि २४ च्या आसपास जिवावर बेतू शकतं. पाणी तापलं तर बंद बाटलीत पाणी गोठवून ती बाटली टाकीत सोडा. बर्फाचे खडे थेट पाण्यात टाकायचे नाहीत, एक तर नळाचं पाणी आत जातं आणि तापमानही एकदम पडतं. उतार हळूहळू हवा, तासाला एक-दोन अंश.

३. तळाला बारीक खडी असेल तर ती काढा. खाणं ओढताना ॲक्सोलोटल समोर येईल ते गिळतो, खडे पोटात अडकतात आणि प्राणी दगावतो. खडी एका दिवसात उपसू नका, तिच्यावरही जिवाणू असतात. चार-पाच दिवसांत थोडी थोडी काढा.

४. आठवड्याला २० ते ३० टक्के पाणी बदला. नव्या पाण्यात आधी डीक्लोरिनेटर, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण, घाला. ॲलोव्हेरा मिसळलेलं डीक्लोरिनेटर उभयचरांसाठी नको. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हातानं पिळा.

अमोनिया किंवा नायट्राइट शून्याच्या वर दिसलं तर प्राण्याला तात्पुरतं मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात हलवा. डब्यातलं पाणी डीक्लोरिनेटर घातलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं हवं, आणि ते रोज संपूर्ण बदलायचं. टाकीचा फिल्टर चालूच ठेवा.

तपासा: कल्ले मागे-बाजूला पसरलेले आहेत ना? कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक आकडीसारखं, कातडीवर कापसासारखे पांढरे पुंजके, तीन-चार दिवस खाणं नाही, असं काही दिसलं तर पुढच्या टप्प्यावर जायच्या आधी डॉक्टर गाठा. सरीसृप आणि उभयचरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची एक संघटना अमेरिकेत आहे. तिच्या पानावर जवळचा डॉक्टर शोधता येतो.

इशारा: मिठाचं पाणी, चहाचं पाणी, माशांचं औषध यांतलं काहीही आपल्या मनानं करू नका. आधी केलं असेल तर लपवूही नका, रेस्क्यूला सांगा.

## टप्पा ४: जागा शोधा, पण त्यांचीही परीक्षा घ्या

पाणी हाताशी आलं की फोन सुरू करा. शक्यतो घर बदलण्याच्या सहा-आठ आठवडे आधी. 'परवा विमान आहे' असा फोन आला की आमच्याकडे देण्यासारखं उत्तर उरत नाही.

कुठे विचारायचं? आपल्या राज्यातली हर्पेटॉलॉजिकल सोसायटी म्हणजे सरीसृप-उभयचर पाळणाऱ्यांची संस्था, ॲक्सोलोटलसाठीच काम करणारी छोटी रेस्क्यू, एक्झॉटिक प्राण्यांचे डॉक्टर, आणि स्थानिक ॲक्वेरियम क्लब. कुत्र्या-मांजरांच्या शेल्टरमध्ये थंड पाण्याची सोय सहसा नसते. तिथे फोन न करता बादली घेऊन जाऊ नका. मोठी प्राणिसंग्रहालयंही घरगुती ॲक्सोलोटल बहुधा घेत नाहीत. जंगलात हा प्राणी फक्त मेक्सिको शहरातल्या शोचिमिल्कोच्या कालव्यांत उरला आहे आणि तिथे तो नामशेष होण्याच्या काठावर आहे हे खरं, पण घरातला पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेला ॲक्सोलोटल त्या संवर्धनाच्या कामी येत नाही. 'दुर्मिळ आहे म्हणून घेतील' या आशेवर वेळ घालवू नका.

आता परीक्षा. फोनवर समोरचा माणूस काय विचारतो, याकडे लक्ष द्या. चांगलं रेस्क्यू आधी तुमच्याकडूनच माहिती काढतं: पाण्याचे आकडे, तापमान, खाणं, आजार, टाकीत बरोबर आणखी कोण होतं. 'आणा, घेतो' एवढंच म्हणणारा आणि काहीही न विचारणारा बहुधा पुढे विकणारा असतो. तुम्हीही विचारा:

- आल्यावर वेगळ्या टाकीत किती दिवस ठेवता?
- डॉक्टर कोण पाहतात?
- तुम्ही पिल्लं काढता का? (उत्तर 'नाही' हवं.)
- दत्तक देताना करार करता का, आणि घेणाऱ्याची टाकी आधी पाहता का?
- सोपवताना काही रक्कम द्यायची असते का?

शेवटच्या प्रश्नानं रागवू नका. एका ॲक्सोलोटलच्या वेगळ्या टाकीचा, गारव्याचा आणि तपासणीचा खर्च कोणीतरी करतच असतं. मी तर म्हणेन, रक्कम मागितली नाही तरी थोडी द्या.

इशारा: 'फुकट, टाकीसकट' अशी जाहिरात टाकू नका. टाकीच्या लोभानं येणारे पुष्कळ असतात. टाकी ते ठेवतात, प्राण्याचं पुढे काय झालं ते कळत नाही.

## टप्पा ५: एक पान लिहा, चार फोटो काढा

हे काम मुलाकडे द्या. ज्यानं रोज खाऊ घातलं त्याला सगळ्यात जास्त ठाऊक असतं, आणि निरोप घ्यायला त्याच्या हाताला काहीतरी काम मिळतं. आमच्याकडे आलेली सगळ्यात उपयोगी माहिती एका नऊ वर्षांच्या मुलीनं रंगीत पेनानं लिहिलेली होती: 'तो डावीकडून दिलं तरच खातो.' तपासलं, तर उजव्या डोळ्यानं त्याला दिसत नव्हतं.

पानावर हे हवं: वय, कुठून आणि केव्हा आणला, रंग, नर की मादी, गेल्या महिनाभराचे पाण्याचे आकडे, काय खातो आणि किती दिवसांनी, शेवटचं खाणं कोणत्या तारखेला, आजार आणि औषधं, टाकीत कधी मासे किंवा दुसरा ॲक्सोलोटल होता का. गोल्डफिश बरोबर ठेवले असतील तर तसं लिहा. कोणी ओरडत नाही. माशांकडून येणारे रोग आणि कल्ले कुरतडल्याच्या जखमा शोधायला ते लागतं.

नर-मादी वर्ष-दीड वर्षाचं झाल्यावर ओळखू येतं. नराच्या शेपटीच्या मुळाशी, मागच्या पायांच्या मागे, ठळक फुगवटा असतो. दोघं एका टाकीत असतील तर आजच वेगळी करा. मादी एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते, आणि एक प्राणी सोपवायचा म्हणता म्हणता तीनशे पिल्लांचा प्रश्न उभा राहतो. अंडी झालीच असतील तर फोनवरच सांगा आणि ती कुणाला वाटू नका.

फोटो चार: वरून, बाजूनं, कल्ल्यांचा जवळून, आणि पूर्ण टाकीचा. वरच्या फोटोत काचेबाहेर मोजपट्टी धरा. पोटाची रुंदी डोक्याच्या रुंदीएवढी असेल तर अंगकाठी ठीक आहे. रेस्क्यूला हे एका नजरेत कळतं.

## टप्पा ६: निघायच्या आधीचे तीन दिवस

तीन दिवस आधी शेवटचं खाणं द्या, नेहमीएवढंच. त्यानंतर निघेपर्यंत काही नाही. निदान ४८ तास पोट रिकामं हवं. मोठ्या ॲक्सोलोटलला दोन-तीन दिवसांची उपासमार जाणवतही नाही. उलट भरल्या पोटी प्रवास झाला तर तो खाल्लेलं ओकतो किंवा विष्ठा करतो, आणि डब्यातल्या थोड्या पाण्यात अमोनिया लगेच चढतो. एका घरानं निघायच्या सकाळी त्याला तीन मोठी गांडुळं भरवली होती. आमच्याकडे डबा उघडला तेव्हा पाणी तपकिरी झालं होतं आणि तो कडेला तोंड वर काढून धापा टाकत होता. वाचला, पण तीन आठवडे लागले. निरोपाचा घास द्यायचाच असेल तर तो तीन दिवस आधी द्या.

दोन दिवस आधी डबा तयार करा. झाकणाचा, रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा हवा, प्राणी आत सरळ लांब राहील आणि वळू शकेल एवढा. प्रौढ ॲक्सोलोटल २० ते ३० सेंटिमीटर असतो, त्याला आठ-दहा लिटरचा डबा लागतो. डाळ-तांदळाचा मोठा डबा चालतो, पण भांड्यांच्या साबणानं कधीच न धुतलेला. साबणाचा अंश प्लास्टिकला धरून राहतो आणि ॲक्सोलोटलची कातडी तो शोषून घेते. नवा डबा नुसत्या गरम पाण्यानं तीन-चारदा विसळून घेणं सगळ्यात सोपं. झाकणाला वरच्या बाजूनं दहा-बारा भोकं पाडा. खरबरीत कडा आत येऊ देऊ नका.

आदल्या दिवशी पाण्याचे आकडे शेवटचे तपासा. सगळं ठीक असेल तर पाणी बदलू नका. टाकीला हात लावू नका. जेल-पॅक फ्रीझरमध्ये आणि थर्माकोलची पेटी दाराशी ठेवा, डबा त्या पेटीत बसतो का ते आजच पाहा. डीक्लोरिनेटर घातलेलं पाणी दोन बाटल्यांत भरून टाकीशेजारी ठेवा, म्हणजे ते त्याच तापमानाला येईल. वाटेत गाडी अडकली तर हेच पाणी उपयोगी पडतं.

तपासा: रेस्क्यूला फोन करून वेळ पक्की केली का? त्यांना तुमचा फिल्टरचा जुना स्पंज हवा आहे का? हवा असेल तर तो वाळू देऊ नका, टाकीच्याच पाण्यात बुडवून न्या.

## टप्पा ७: पकडणं आणि ठेवणं

निघायच्या अर्धा तास आधीच पकडा, त्याआधी नाही.

हात नुसत्या पाण्यानं धुवा. क्रीम, सॅनिटायझर, तेलाचा हात चालणार नाही. डब्यात टाकीतलंच पाणी भरा, प्राणी पूर्ण बुडून वर तीन-चार बोटं पाणी राहील एवढं. वर हवेला मोकळी जागा हवीच, कारण ॲक्सोलोटल कल्ल्यांबरोबर अधूनमधून वर येऊन हवाही घेतो.

आता दुसरा छोटा डबा पाण्याखाली आडवा धरा आणि प्राण्याला मागून हातानं हळूच त्यात जाऊ द्या. मग पाण्यासकट उचलून मोठ्या डब्यात बुडवून सोडा. साधी जाळी वापरू नका, तिच्यात बोटं आणि कल्ल्यांचे धागे अडकून फाटतात. उचलताना डब्याच्या तोंडावर हात ठेवा. हा प्राणी आळशी दिसतो, पण घाबरला की उसळी मारतो. दोन प्राणी असतील तर दोन डबे, एकच मोठा डबा नाही. ताणात ते एकमेकांच्या पायांना आणि कल्ल्यांना चावतात.

डबा थर्माकोलच्या पेटीत ठेवा. जेल-पॅक जाड टॉवेलात गुंडाळून डब्याच्या बाजूला, डब्याला चिकटणार नाही असा. पेटीचं झाकण थोडं उघडं ठेवा. अंधार असला की प्राणी शांत राहतो. नंतर हात साबणानं स्वच्छ धुवा, उभयचरांच्या अंगावर सॅल्मोनेला असू शकतो. मुलांचेही धुवून घ्या.

डब्यात खडे, वनस्पती, लपायची कुंडी काही ठेवायचं नाही. गाडी वळली की तेच त्याच्या अंगावर आदळतं.

## टप्पा ८: प्रवास

गाडी आधी थंड करा, मग पेटी आत ठेवा. डिकीत नाही, पुढच्या सीटच्या मागे खाली जमिनीवर, दोन्ही बाजूंनी टॉवेल खुपसून. हिवाळ्यात हीटरची झोत पेटीवर येऊ देऊ नका. डबा बारा-चौदा अंशांपर्यंत गार झाला तरी बिघडत नाही, तापला तर बिघडतं. वाटेत किराणा दुकानात थांबणं, कुणाला भेटून जाणं टाळा. दोन तासांपेक्षा लांबचा रस्ता असेल तर मध्ये एकदा झाकण उघडून पाहा. विष्ठा दिसली तर बाटलीतल्या पाण्यानं अर्धं पाणी बदला.

कुरियरनं पाठवू का, असं पुष्कळजण विचारतात. मी नको म्हणते. अनुभवी लोक पाठवतात, पण पहिल्यांदाच पाठवणाऱ्याच्या हातून पिशवी, गारवा आणि वेळ यांतलं काहीतरी एक चुकतं. गाडीनं जाता येत नसेल तर रेस्क्यूच्या माणसालाच अर्ध्या वाटेवर येता येईल का, ते विचारा.

## टप्पा ९: हातात देताना

कागद शांतपणे वाचून सही करा. सही झाली की मालकी गेली. मुलानं चार दिवसांनी हट्ट धरला तरी प्राणी परत मागता येत नाही. पुढची खबर, फोटो मिळतील का, हे सहीच्या आधी विचारा, आणि नाही म्हणाले तर ते मुलाला तिथेच सांगा. पान, फोटो आणि असेल तर स्पंज द्या. डबा परत मागू नका, त्याच डब्यातून ते प्राण्याला हळूहळू नव्या पाण्याची सवय करतात. टाकीही देऊ करा, पण ती त्यांच्याकडे आहे असं म्हणाले तर आग्रह नको.

पहिले काही दिवस तो खाणार नाही, असं त्यांनी सांगितलं तर घाबरू नका. नव्या पाण्यात हे नेहमीचंच आहे.

## टप्पा १०: आता टाकी मोडा

रेस्क्यूकडून 'पोचला, ठीक आहे' असं कळल्यावरच. कधीकधी ऐनवेळी प्राणी परत घरी आणावा लागतो, आणि मोडलेल्या टाकीत त्याला ठेवता येत नाही.

टाकीचं पाणी घरातल्या सिंकमध्ये किंवा संडासात ओता. अंगणात, रस्त्याकडेच्या गटारात नको, ते पाणी थेट ओढ्यात जातं. टाकी, काचेच्या वस्तू, नळ्या एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात पंधरा मिनिटं भिजवा, भरपूर पाण्यानं धुवा आणि काही दिवस उन्हात कोरड्या होऊ द्या. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. लाकूड, स्पंज, छिद्रांचे दगड नीट निर्जंतुक होत नाहीत, ते पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. पाणवनस्पतीही तशाच. मैत्रिणीच्या बागेतल्या कुंडात त्या देऊ नका.

उरलेली गांडुळंही मागच्या झाडीत सोडू नका. खाद्य म्हणून मिळणारी मोठी गांडुळं उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागातल्या जंगलांची मूळची नाहीत, आणि तिथल्या जमिनीवरचा पानांचा थर ती खाऊन संपवतात. फ्रीजमधला डबा निघतानाच बरोबर घ्या आणि रेस्क्यूला द्या, तिथे ती दोन दिवसांत संपतील.